लेनहार आला की नाही?

सिलतऱ्याला राहायला आलो, त्या पहिल्याच भाद्रपदात माझ्या हातून एक चूक झाली. घरी कामाला येणाऱ्या ताईंनी सांगितलं, "दीदी, तीजा मान के आहूँ." म्हणजे तीज साजरी करूनच परत येईन. किती दिवस, असं विचारलं तर म्हणाल्या, आठ. मी लगेच हिशोब मांडला. अहो, हरतालिका तर आमच्याकडेही असते. एका दिवसाचा उपास, दुसऱ्या दिवशी पारणं. त्याला आठ दिवस कशाला? त्या काही बोलल्या नाहीत, भांडी घासत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी एक माणूस उभा. खांद्यावर गमछा, हातात कापडी पिशवी. ताईंचा भाऊ. बेमेतराकडच्या एका गावाहून पहाटे निघून आलेला. मी खिडकीतूनच सांगितलं, "अजून काम व्हायचंय, थांबावं लागेल." तो थांबला. तासभर फाटकाबाहेर उभा राहिला. मी त्याला बस म्हटलं नाही की पाणी विचारलं नाही. ताई निघून गेल्यावर शेजारच्या म्हाताऱ्या दाई कुंपणापाशी आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "लेनहार ला पानी घलो नइ पूछे?"

न्यायला आलेल्याला पाणीसुद्धा विचारलं नाहीस?

लेनहार हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. अर्थ कळल्यावर मात्र लाज वाटली, कारण हा शब्द आपल्याकडेही आहे. मुराळी. सासरी जाऊन लेकीला माहेरी घेऊन येणारा. आपण तो शब्द ओव्यांत आणि जुन्या गोष्टींत ठेवून दिला. इथे तो अजून दरवर्षी बसने, मोटारसायकलवर, ऑटोत बसून येतो.

लेकी येतात, सुना जातात

सिलतरा म्हणजे रायपूर-बिलासपूर रस्त्यावरचा कारखान्यांचा पट्टा. स्पंज आयर्न, पोलाद, रोलिंग मिल. दिवसरात्र ट्रकची रांग आणि गच्चीत वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी. पण हे कारखाने जुन्या गावांच्या मधोमध उभे आहेत. धरसींवा ब्लॉकमधली ही गावं अजून धानाची शेती करतात, आणि श्रावण संपता संपता त्यांचं लक्ष भट्टीवरून उडतं.

सुरुवात पोऱ्यापासून होते. पोरा म्हणजे आपला पोळा, त्याच अमावास्येला. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल घेऊन निघतात, इथे मातीचा नंदिया बैल असतो, चाकांवर चालणारा. मुलींसाठी मातीची भातुकली: जातं, चूल, इवलीशी भांडी. घराघरांत ठेठरी आणि खुरमी तळली जाते. ठेठरी बेसनाची, खारी, कडक. खुरमी गव्हाच्या पिठाची, गूळ घातलेली. संध्याकाळी मुली आणि बायका गावाबाहेर जाऊन मातीची भांडी फोडतात, त्याला पोरा पटकना म्हणतात. मग खेळ, हसणं, आरडाओरडा.

आणि याच सुमारास गावांची अदलाबदल सुरू होते. घराघरांतून भाऊ किंवा बाप बाहेर पडतो बहिणीला, लेकीला आणायला. त्याच घरची सून आपल्या भावाबरोबर तिच्या माहेरी निघालेली असते. तीन दिवसांत गावातल्या सुना जातात आणि लेकी येतात. ज्या गल्लीत वर्षभर डोक्यावर पदर घेतलेल्या बायका दिसतात, तिथे अचानक मोकळ्या डोक्याने, मोठ्याने हसत फिरणाऱ्या बायका दिसू लागतात. वयाने साठीच्या असल्या तरी त्या आठवड्यात त्या गावच्या मुलीच. मागे राहिलेल्या नवऱ्यांची मात्र चांगलीच थट्टा होते. कारखान्याच्या कँटीनमध्ये एकमेकांचे डबे उघडून बघितले जातात: कुणाचा भात जळला, कुणी चार दिवस नुसती खिचडीच आणतोय.

तीजा म्हणजे भाद्रपद शुद्ध तृतीया, आपली हरतालिका. व्रत तेच, शंकर-पार्वतीचंच. पण आपल्याकडे हरतालिका म्हणजे वाळूची किंवा मातीची पिंडी, सखी, पत्री आणि निर्जळी उपास. ती कुठे करायची याला महत्त्व नाही. सासरी करा, नोकरीच्या गावी करा. इथे तीजा माहेरीच करायची असते. उपास नवऱ्यासाठी आणि जागा मात्र बापाचं घर. मला ही मांडणी फार चतुर वाटते. नवऱ्याच्या नावाने रजा मागितल्यावर सासू नाही कशी म्हणेल?

आपल्याकडे भाद्रपदात माहेरी येते ती गौर. तीन दिवसांची माहेरवाशीण म्हणून आपण तिला भाजी-भाकरी, पुरणपोळी करतो, साडी नेसवतो, पावलं काढतो. घरची खरी लेक मात्र त्या दिवशी स्वतःच्या सासरी गौरी उभ्या करण्यात गुंतलेली असते. छत्तीसगडने देवीऐवजी लेकच आणली, असं मी एकदा गमतीने दाईंना म्हटलं. त्यांना त्यात गंमत काय ते कळलंच नाही. "मग आणायचं कुणाला?" असा त्यांचा चेहरा होता.

जाण्याची रीत, येण्याची रीत

पाच-सहा तीजा जवळून पाहिल्यावर लक्षात आलं की या सणाचा खरा जीव पूजेइतकाच वागण्याच्या बारीक बारीक नियमांत आहे. ते कुठे लिहिलेले नाहीत. चुकलं की कुणी बोलतही नाही. पण वर्षभर लक्षात ठेवतात.

पहिला नियम, बोलावणं माणसाने जाऊन करायचं. भावाला जमत नसेल तर बाप, बाप नसेल तर पुतण्या. आता मोबाईलवर "तू ये ना, ऑटोचे पैसे देतो" असंही चालतं, पण अशी आलेली बहीण येताना थोडी गप्प असते. लेनहार रिकाम्या हाताने जात नाही, पिशवीत ठेठरी-खुरमी असतेच. सासरच्या दारात पोचल्यावर त्याला लोटाभर पाणी दिलं जातं, हातपाय धुवायला. छत्तीसगडी घरात पाहुण्याचं स्वागत या लोट्याने होतं, चहा नंतर. मी नेमकी तिथेच चुकले होते. त्यानंतर तो बहिणीच्या सासूसासऱ्यांना नमस्कार करतो, शेतीचं, पावसाचं विचारतो आणि मग हळूच विषय काढतो. आल्या आल्या "चल, आवर" म्हणणं हा सासरचा अपमान. सासरच्यांनी उगाच ताटकळत ठेवणं हा माहेरचा. दोन्ही बाजूंना हे ठाऊक असतं आणि दोन्ही बाजू तोलून वागतात.

दुसरी गोष्ट पाहून तर मी थक्क झाले. बहीण मुलांना घेऊन उतरली, की मामा वाकून भाच्याच्या पाया पडतो. चाळिशीतला, मिशा असलेला मामा सहा वर्षांच्या पोराच्या! आपल्याकडे नेमकं उलट. मामाच्या गावाला जाणारी आपली मुलं मामाच्या पाया पडतात. इथे कारण सांगतात ते असं: छत्तीसगड म्हणजे दक्षिण कोसल, कौसल्येचं माहेर, म्हणून राम या मुलखाचा भाचा. रायपूरपासून तासाभराच्या आत चंदखुरी गाव आहे, तिथे तळ्याच्या मधोमध कौसल्यामातेचं मंदिर आहे. 2021 मध्ये त्या परिसराचं नूतनीकरण झालं आणि आता तिथे बरीच गर्दी असते. श्रद्धा आपल्या जागी. मला त्या रिवाजाचा परिणाम आवडतो. बहीण माहेरी येते तेव्हा तिच्या लेकरापुढे घरचा कर्ता पुरुष वाकलेला असतो. मग त्या घरात तिच्याशी वर आवाज काढून बोलायला कोण धजेल?

तिजेच्या आदल्या रात्री करू भात. करू म्हणजे कडू. कारल्याची भाजी आणि भात. दुसऱ्या दिवशी पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, कारल्याने तहान कमी लागते असं बायका सांगतात. पण करू भात एकाच घरी खाऊन भागत नाही. काका, मोठे बाबा, शेजारी, सगळीकडून बोलावणं येतं आणि नाही म्हणायचं नसतं. पोट भरलेलं असलं तरी प्रत्येक घरी दोन घास. मी एकदा "मला कारलं आवडत नाही" म्हणाले, तर दाईंनी ताटात अर्धा चमचा वाढला आणि समोर बसून राहिल्या. खाल्लं.

उपासाच्या दिवशी उपाशी बाईला काम सांगायचं नाही, तिच्यासमोर मुद्दाम खायचं नाही, आणि "पाणी तरी घे" असा आग्रहही करायचा नाही. हे शेवटचं मला पटायला वेळ लागला. ज्यांना मधुमेह आहे, गरोदरपण आहे, गोळ्या चालू आहेत, त्यांनी निर्जळी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि आता घरातल्या शिकलेल्या मुली आपापल्या आयांना तसं सांगतातही. फक्त ते आदल्या रात्री चुलीपाशी सांगायचं, भर पूजेत चारचौघींत नाही.

रात्री जागरण. दुसऱ्या दिवशी, म्हणजे गणेश चतुर्थीला पहाटे, अंघोळ, पूजा आणि माहेरची नवी साडी. ती नेसूनच उपास सोडायचा. तिखूर आणि शिंगाड्याचे पदार्थ, ठेठरी, खुरमी, आणि पुन्हा घरोघर फराळाची बोलावणी. साडीचाही एक अलिखित कायदा आहे. भावाने दिलेली साडी कितीची, हे विचारायचं नाही, दुसऱ्या बहिणीच्या साडीशी ताडून बघायचं नाही, आणि रंग नावडता असला तरी त्या दिवशी तीच नेसायची. ज्या वर्षी कारखान्यात ले-ऑफ असतो त्या वर्षी साड्या साध्या असतात. बहिणी त्याबद्दल एक अक्षर काढत नाहीत. उलट शेजारणीला पदर पुढे करून दाखवतात.

2019 मध्ये छत्तीसगड सरकारने तिजेला सार्वजनिक सुट्टी जाहीर केली. सरकारी कार्यालयं बंद राहतात. भट्टी मात्र बंद ठेवता येत नाही, त्यामुळे इथल्या पाळीवाल्या भावांची ओढाताण होते. रात्रपाळी संपवून, न झोपता, थेट बहिणीच्या गावी निघालेले लोक मी पाहिले आहेत.

दूर चीनमध्ये, दुसऱ्या दिवशी

हे सगळं फक्त इथलंच, असं मला वाटायचं. मग भाचीकडून चिनी नववर्षाबद्दल ऐकलं. ती कामानिमित्त काही वर्षं शांघायला होती.

चिनी नववर्ष, म्हणजे त्यांचा वसंतोत्सव, आपल्यासारखाच चंद्रावर चालतो. तो 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारीच्या दरम्यान अमावास्येच्या आसपास येतो, आपल्या पौष किंवा माघ अमावास्येच्या सुमारास, आणि पौर्णिमेच्या कंदील उत्सवापर्यंत पंधरा दिवस चालतो. आदल्या रात्रीचं जेवण सगळ्यात मोठं. त्यासाठी कोट्यवधी माणसं शहरांतून गावी परततात. डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने या सणाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

आपल्यालाही तो अगदी परका नाही. मुंबईत माझगावच्या नवाब टँक भागात चिनी खलाशांच्या वंशजांचं जुनं सी यप मंदिर आहे. शहरातली उरलीसुरली चिनी कुटुंबं नववर्षाला तिथे उदबत्त्या लावायला जमतात.

पण मला अडकवलं ते दुसऱ्या दिवसाने. नववर्षाचा दुसरा दिवस लग्न झालेल्या लेकींचा. नवरा आणि मुलांना घेऊन त्या दिवशी माहेरी जायचं. जुन्या रीतीप्रमाणे आदल्या रात्री आणि पहिल्या दिवशी तिने माहेरी असू नये, ते दिवस सासरचे. दुसरा दिवस मात्र तिचा. जावयाने रिकाम्या हाताने जायचं नाही, आणि भेटवस्तू जोडीने, सम संख्येत न्यायच्या. फक्त चार नको, कारण त्यांच्या भाषेत चारचा उच्चार मरणाच्या शब्दाजवळ जातो. घड्याळ भेट द्यायचं नाही, त्याचाही उच्चार अंत्यविधीशी जुळतो. घरच्या मुलांना लाल पाकिटात पैसे द्यायचे, नव्या कोऱ्या नोटा. घेणाऱ्याने दोन्ही हातांनी घ्यायचं आणि देणाऱ्यासमोर उघडून बघायचं नाही. जेवताना मोठ्यांनी सुरुवात केल्याशिवाय कुणी खायला लागत नाही. भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, ते मृतांसाठी लावलेल्या उदबत्त्यांसारखं दिसतं. पहिल्या दिवशी केर काढायचा नाही, घरात आलेलं भाग्य झाडून बाहेर जाईल. दिवसभर अभद्र बोलायचं नाही, मुलाच्या हातून कप फुटला तरी रागवायचं नाही.

पाकीट न उघडणं आणि साडीची किंमत न विचारणं, या दोन्ही गोष्टी मला सख्ख्या बहिणी वाटल्या.

चिनी भाषेत एक जुनी म्हण आहे, तिचा आशय असा की लग्न करून दिलेली मुलगी म्हणजे ओतून टाकलेलं पाणी. आपण मुलीला परक्याचं धन म्हणतो. दोन्हीकडे आधी तिला परकी ठरवलं आणि मग वर्षातून एक दिवस घरी आणण्याची एवढी सुंदर रीत बसवली. तिथे आता नवाच पेच आहे. एकच मूल असण्याच्या धोरणात, साधारण 1980 ते 2015 या काळात जन्मलेल्या मुली आज संसारात आहेत. त्या एकुलत्या एक. त्यांचे आईवडील आदल्या रात्रीच्या जेवणाला दोघेच टेबलाशी बसणार का? त्यावरून नवराबायकोंची भांडणं होतात. कुणी एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे करतात, कुणी दोन्ही आईवडिलांना एकाच घरी बोलावतात. भाचीच्या ऑफिसमधली एक मैत्रीण सणाला चक्क परदेशी फिरायला गेली, कुणाकडेच नाही. दोन्ही घरं रुसली.

साडी आणि सही

आता थोडं कडू बोलते, करू भात समजा.

माझ्या एका आत्याला दर भाऊबीजेला भावांकडून साडी येते. चांगली, जरीची. काही वर्षांपूर्वी तिने हक्कसोडपत्रावर सही केली. शेत भावांच्या नावे झालं. कुणी तिला जबरदस्ती केली नाही. फक्त एवढंच म्हटलं गेलं, "तुला माहेर हवंय ना?" कायद्याने तिचा वाटा स्पष्ट आहे. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला, 2005 मध्ये तो देशभर लागू झाला, आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क मुलीला जन्मानेच मिळतो, 2005 साली वडील हयात असोत वा नसोत. आत्याला हे सगळं माहीत होतं. तरी तिने सही केली, कारण दिवाळीला जायला एक दार हवं होतं.

सिलतऱ्याच्या आसपास जमिनींना भाव आला तसा इथेही हा विषय आला. ज्या बहिणीने वाटा मागितला, तिच्याकडे पुढच्या तिजेला लेनहार गेला नाही, अशी घरं मी ओळखते. चीनच्या खेड्यांतही लग्न होऊन गेलेल्या मुलींचा जमिनीतला हिस्सा हा जुना वाद आहे. म्हणजे रीत जितकी गोड, तितकी ती रोखून धरण्याची धमकी मोठी.

पण एका घराने वेगळं केलं. नाव सांगत नाही, आमच्याच मागच्या वस्तीतलं आहे. तीन भाऊ, दोन बहिणी. रस्त्यासाठी जमीन गेली, मोबदला आला. मोठ्या भावाने पाच वाटे केले. धाकट्यांनी कुरबुर केली, घरात महिनाभर अबोला होता. तिजेला मात्र मोठा भाऊ दोन्ही बहिणींना आणायला स्वतः गेला. पिशवीत ठेठरी होती, साड्या दरवर्षीसारख्याच साध्या. बहिणींच्या पैशाचा विषय त्या चार दिवसांत निघाला नाही. तो बँकेत आधीच झाला होता. धाकट्या भावाने भाच्याच्या पाया पडताना जरा उशीर लावला, एवढं दाईंनी टिपलं. पण पडला.

आपली मराठी माणसं

छत्तीसगडातली मराठी माणसं नवी नाहीत. अठराव्या शतकात नागपूरच्या भोसल्यांची सत्ता इथे आली, 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहत होते. दसऱ्याला सोनं म्हणून आपट्याची पानं देण्याची इथली पद्धत त्यांच्या काळापासूनची मानतात. रायपुरात तात्यापाऱ्यासारख्या जुन्या वस्त्यांत मराठी घरं आहेत, चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. त्या जुन्या घरांतल्या काकू हरतालिका आणि तीजा दोन्ही एका दमात सांभाळतात. सखी-पार्वती मराठी, फराळात खुरमी. आमच्यासारख्या नोकरीनिमित्त आलेल्यांना मात्र शिकावं लागतं.

मी शिकले ते असं: ताईंची तिजेची रजा आता मी विचारत नाही, कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवते. पगार कापत नाही. लेनहार आला की लोटा, मग खुर्ची, मग चहा. आणि काम राहिलं असेल तर राहू दे.

गेल्या वर्षी नागपूरहून माझ्या भावाचा फोन आला. "या भाऊबीजेला ये ना, तिकीट काढून पाठवतो." मी म्हटलं, तिकीट नको, तू ये न्यायला. आणि भाऊबीज लांब आहे, पोळ्यालाच ये. तो हसला. मग थोडा वेळ गप्प राहिला, म्हणाला, बरं.

आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, हातात संत्रा बर्फीचा डबा, रेल्वेत चुरगळलेला शर्ट. मी आत होते. बाहेर आले तर दाई त्याला लोटा देऊन मोकळ्या झाल्या होत्या आणि तो बिचारा लोट्यातलं पाणी प्यायचं की पाय धुवायचे या विचारात उभा होता.

"कतका दिन बर लेगत हस?" दाईंनी विचारलं.

त्याला काही कळलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं.

"किती दिवसांसाठी नेतोस, विचारतायत," मी म्हटलं. "आठ सांग."